एटीची पॉपी आणि नऊ भोकांची डबी

मित्रांनो, माझ्या डोक्याला नऊ भोकं आहेत आणि त्या भोकांवरच माझा जन्म गेला. मी इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या एका कोळसाखाणीच्या गावातली पत्र्याची मिठाची डबी. उमेदीची वर्षं जेवणाच्या टेबलावर गेली. उकडलेल्या बटाट्यांवर मीठ भुरभुरायचं, एवढंच माझं काम. पण ओलसर हवेत मिठाचे खडे व्हायला लागले, माझ्या कडा गंजल्या आणि घरधनी विल्फ म्हणाला, "टाक ती डबी आता!"

त्याच्या बायकोने, एटीने, मला टाकलं नाही. धुऊन, शेगडीजवळ वाळवून तिने माझ्यात पॉपीचं बी भरलं. पॉपी म्हणजे खसखशीच्या जातीचं फूल, तिच्या आईच्या बागेतलं, गुलाबी, पांढऱ्या काठाचं. बी खसखशीहूनही बारीक. हाताने टाकावं तर एकाच जागी ढीग पडतो. वाळूत मिसळून माझ्यातून भुरभुरलं की कसं छान पसरतं! चाळीस वर्षं, थंडी सरता सरता, एटी मला बागेत नेत आली. दुसऱ्या कुणाला तिने मला हात लावू दिला नाही. तिचे उपकार मी कसे फेडू?

मग एका वर्षी एटी बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून खिडकीशी बसली. आदल्या उन्हाळ्यात पावसाने बोंडं कुजली होती, त्यामुळे जे काही बी उरलं होतं ते माझ्या पोटात. पेरणी विल्फवर आली.

विल्फ म्हणजे पक्का लीकवाला. कांद्याच्या जातीची ही भाजी तो मनगटाएवढी जाड पिकवायचा. खाणकामगारांच्या क्लबातल्या भाज्यांच्या प्रदर्शनात त्याला दोनदा पहिलं बक्षीस मिळालेलं. खोल चर आणि भरपूर माती, हे त्याचं शास्त्र. त्याने पॉपीचं बीही बोटभर खोल गाडलं आणि वरून माती थोपटली.

"बी पेरतोयस का मांजर पुरतोयस?" एटी खिडकीतून ओरडली.

"तीस वर्षं लीक लावतोय मी. मला शिकवू नकोस!"

पाच आठवडे गेले. तणाशिवाय काही उगवलं नाही. विल्फ टोपी हातात घेऊन एटीपुढे उभा राहिला.

"एटी, तुझ्या आईचं फूल मी घालवलं गं. आता काय करू, सांग."

"सगळं बी टाकलंस?"

"नाही. लीकवाला अर्धं बी मागे ठेवतो."

"मग तोंड पाडून काय उभा आहेस? पॉपीला उगवायला उजेड लागतो. भुरभुर आणि बाजूला हो."

दव गोठलेल्या सकाळी विल्फने मला मातीवर हलवलं. मग सवयीने वर माती ओढायला त्याचा हात दाताळ्याकडे गेला. खिडकीवर एटीची काठी वाजली. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले. मला त्या वेळी त्याच्याबद्दल फार माया वाटली.

जुलैत पॉपी फुलली. विल्फने एटीला खुर्चीसकट दारात आणलं. ती फुलांकडे बघत खुशाल रडली. बोंडं वाळून खुळखुळायला लागली तेव्हा तिने बी माझ्यात भरलं, झाकण लावलं आणि मला विल्फच्या हातात दिलं.

"आता ही तुझी," ती म्हणाली. "पण तुझ्या त्या लीकपासून लांब ठेव."

मित्रांनो, एखादी गोष्ट ज्याच्या हाताला साधते, ते माणूस समोर आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्या. चुकलात तर लाजू नका, विचारा. मी अजून कामात आहे, ती विल्फने विचारलं म्हणून.