हिरव्याच्या खोक्यात निळं

चौदा नंबरच्या खोक्यात एकवीस नंबरचं इंजिन निघालं तेव्हा मी पहिल्यांदा हसले. काही दिवसांनी तसंच पुन्हा निघालं तेव्हा झाकण लावून भिंतीला टेकून उभी राहिले.

लोक म्हणतील, खेळण्यातली इंजिनं ती, इकडची तिकडे झाली तर काय आभाळ कोसळलं? लोकांचं बरोबर आहे. पण माझ्या हातून वस्तूची जागा चुकत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी एका मोठ्या दवाखान्यात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत काढली. तिथे एकच कायदा होता. पेपर फळीवरून उचलला की त्या जागी लाकडी पट्टी उभी करायची आणि पट्टीवर कोणी नेला ते लिहायचं. म्हणजे फळीवर पेपर तरी असतो, नाहीतर त्याचा माग तरी. नुसती रिकामी जागा कधी नसते.

लग्न करून आले तेव्हा ह्यांच्याकडे तीन इंजिनं होती आणि बुटांच्या खोक्यात कोंबलेले डबे. एकाची कडी दुसऱ्याच्या चाकात अडकलेली. मला ते बघवेना. पुढे संसार वाढला तशी रेल्वेही वाढली. मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल आलं, त्यावर दोन स्टेशनं, कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यात बोगदा. आणि भिंतीवरच्या कपाटात माझा दवाखान्याचा कायदा आला. प्रत्येक इंजिनाला खोकं आणि खोक्याला नंबर. प्रत्येकाचं एक कार्ड, त्यावर रंग, साचा कुठला, कुणाकडून आलं, तेल कधी घातलं, काय मोडलंय. इंजिन रुळावर गेलं की त्याचं कार्ड खोक्यात ठेवायचं. इंजिन परत आलं की कार्ड पेटीत. चालवायचं त्यांनी, नोंदायचं मी. ते मला गार्डबाई म्हणत आणि मी त्यांना डायव्हरसाहेब.

खऱ्या रेल्वेत सिग्नल दिसला की डायव्हर आणि त्याचा मदतनीस एकमेकांना मोठ्याने सांगतात, असं ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग काय, मी टेबलाच्या टोकाला बसून ओरडायचं, "लाल!" त्यांनीही ओरडायचं, "लाल!" आणि गाडी थांबवायची. लेक लहानपणी हसून लोळायची. "आईबाबा भांडतायत की खेळतायत?" असं शेजारच्या काकू तिला विचारायच्या. पुढे ते ओरडणं मागे पडलं. का पडलं कोण जाणे. माणसं म्हातारी होतात तेव्हा आधी आवाज म्हातारा होतो.

चौदा नंबर गर्द हिरवं. लेकीच्या जन्मानंतर मी स्वतः निवडून आणलेलं. एकवीस निळं, एका घड्याळवाल्याने म्हातारपणी पसारा आवरताना ह्यांना दिलेलं. दोन्ही एकाच साच्यातली, रंग सोडला तर जुळी भावंडं. पण मी जुळ्यांतही चुकणारी नव्हे.

माझी आई अशीच गेली. गेली म्हणजे मरण्याच्या कितीतरी वर्षं आधी गेली. सुरुवात जागांपासूनच झाली होती. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. किल्ल्या उशीच्या अभ्र्यात. "मी नाही ठेवला," ती म्हणायची, आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. ते बघणं तिला कळत होतं, हे मला आता कळतं. मग एक दिवस मी तिचे केस विंचरत होते तर मागे वळून गोड हसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

तेव्हापासून ती भीती माझ्या पोटात आहे. इतकी वर्षं दबा धरून बसली होती. चौदा नंबरचं झाकण उघडलं आणि बाहेर आली.

मग मी कपाट रोज तपासायला लागले. सातच्या खोक्यात तीस, अकराच्या खोक्यात बारा. सगळं जागच्या जागी लावायचे, स्वतःला बजावायचे, की आज मी माझ्या हाताने लावलं. दोनचार दिवसांत पुन्हा तेच. कार्डं मात्र मी पेटीत बरोबर परत लावलेली. मला वाटलं, हात सवयीने चालतायत आणि डोकं मागे राहिलंय.

ह्यांना सहज म्हणून विचारलं, "तुम्ही हलवता का हो काही?"

"मी कशाला? चालवतो, जिथून काढलं तिथे ठेवतो. तुझाच कायदा."

"मग खोकी कशी बदलतात?"

त्यांनी फडक्याने एक चाक पुसलं. मग म्हणाले, "होतं गं. वय झालं आपलं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. अलीकडे बघतच नसत. बोलताना नजर माझ्या कानाजवळून कुठेतरी पलीकडे जायची. माझे वडील शेवटी शेवटी आईकडे असंच बघायचे, म्हणजे बघायचे नाहीत. मी मनाशी म्हटलं, ह्यांना कळलंय. माझ्याकडे बघवत नाही ह्यांना.

लेक आली तेव्हा मी कपाटासमोर उभी होते, हातात तीस नंबर, आणि डोळ्यांतून पाणी. सांगावंच लागलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात बोलायला लागली. आपण तापातल्या पोराशी बोलतो तशी.

"आई, आपण एक तपासणी करून घेऊ. नुसते प्रश्न विचारतात. आज वार कोणता, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा, असं."

"आणि घड्याळ चुकलं तर?"

"तर तुम्ही दोघं माझ्याकडे या. खालची खोली रिकामीच आहे."

"आणि रेल्वे?"

"आधी तुझं बघू गं आई." मग म्हणाली, "मी सुट्टी टाकते, मी नेते तुला."

"मी नेतो," शेजारच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. जरा जास्तच घाईने आला.

तपासणीच्या सकाळी मी गाडीत बसले ती परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी. पर्समध्ये कार्डं घेतली होती. ज्यांची ज्यांची अदलाबदल झाली त्यांचीच. म्हटलं, वाटेत पाठ करू. डॉक्टरांनी काही लक्षात ठेवायला सांगितलं तर डोक्याला सराव हवा.

आमच्या पुढे पाण्याचा टँकर होता. त्याच्या मागच्या नळातून गळणारं पाणी आमच्या काचेवर उडत होतं.

"पुढे काढा की," मी म्हटलं. "आंघोळ झाली गाडीची."

"असू दे. पुढे कोणी असलं की सोबत होते."

कितीतरी दिवस ते असेच कोणाच्या तरी मागून चालवत होते. ट्रक म्हणू नका, बस म्हणू नका, पुढचा थांबला की हे थांबायचे. मला वाटायचं, शहाणपण आलं एकदाचं.

मी कार्डं वाचू लागले. चौदा, हिरवं. एकवीस, निळं. साचा एकच. सात, तपकिरी. तीस, तांबडं. साचा एकच. अकरा काळं, बारा गर्द निळं. साचा एकच. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मोठं इंजिन छोट्याच्या खोक्यात एकदाही गेलं नव्हतं. सहा चाकांचं चार चाकांच्या जागी गेलं नव्हतं.

माझ्या आईने चष्मा पिठात ठेवला होता. दुसऱ्या चष्म्याच्या घरात नव्हे. ज्याचं डोकं जायला लागलंय तो इतका शहाण्यासारखा चुकत नाही. हे ठेवणाऱ्या हातांना आकार बरोबर लागला होता, वजन बरोबर लागलं होतं. फक्त रंग दिसला नव्हता. आणि खोक्यावरचा, इंजिनावरचा बारीक आकडा दिसला नव्हता.

मी मान वर केली. टँकर वळून बाजूच्या गल्लीत शिरत होता. पुढचा रस्ता एकदम मोकळा झाला. समोर मोठा चौक, सिग्नल लाल, आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत निघालेली. आमच्या गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, शांतपणे, रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसे.

"लाल!"

कुठून आला तो आवाज मला ठाऊक नाही. टेबलाच्या टोकावरून, तीस-चाळीस वर्षांपलीकडून आला. त्यांचा पाय डोक्याच्या आधी ब्रेकवर गेला.

"लाल!" ते ओरडले.

गाडी पट्ट्यांवर चढून थांबली. कार्डं माझ्या मांडीवरून खाली उधळली. बाबागाडीवालीने आमच्या बॉनेटवर थाड्कन हात आपटला. "डोळे फुटले का हो आजोबा?" ती किंचाळली. बाबागाडीतलं बाळ आमच्याकडे टकामका बघत होतं. त्याच्या पायात एकच मोजा होता. तो मोजा मला अजून दिसतो.

ती गेली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हिरवा."

"हिरवा," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

"डावीकडे सायकल."

"सायकल."

"पुढे खांब आहे. थोडं पुढे. बस, थांबवा."

एका बंद दुकानासमोर गाडी थांबली. मी पायाशी पडलेली कार्डं गोळा केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मधलं पुसट होतं. कडेचं दिसतं." ते माझ्या कानाकडे बघत होते. "तुझा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं."

"आणि इंजिनं?"

"हाताला तर बरोबर लागायची."

"मी म्हटलं खोकी बदलतायत, तेव्हा कळलं तुम्हाला?"

त्यांनी हँडब्रेक ओढला.

"संशय आला," ते म्हणाले.

"संशय आला. आणि मला वेडी ठरवायला गाडीत घालून निघालात?"

"तसं नाही गं. डॉक्टर म्हणाले असते, हिला काही झालेलं नाही. मग मी सांगणारच होतो."

"आणि काही झालंय म्हणाले असते तर? भीतीने माणसाचं घड्याळसुद्धा वाकडं निघतं!"

"गाडी गेली असती," ते म्हणाले. "मग रेल्वे गेली असती. मग लेकीच्या खालच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचं. ती भिंतही कडेकडेचीच दिसणार." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. मग चेहरा ओंजळीत धरला. "मला फार भीती वाटली गं."

"आणि मला काय वाटत होतं? मजा?"

मी किल्ली काढून घेतली. त्यांनी विरोध केला नाही. उलट हात जरा पुढेच केला, पोराने चोरलेली गोळी परत द्यावी तसा. माझं डोकं शाबूत होतं. केवढी मोठी गोष्ट, पण तिचा आनंद करायला मनात जागाच नव्हती. माझ्या अंगावरची भीती उतरली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली, एवढंच झालं.

टॅक्सी करून आम्ही, माझी तपासणी ठरली होती त्याच दवाखान्यात गेलो, फक्त मजला वेगळा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं इंजेक्शनांनी धरून ठेवता येईल. आधी का नाही आलात? ह्यावर डायव्हरसाहेबांनी डॉक्टरांच्या कानाकडे बघितलं.

लेकीला सांगितलं तेव्हा ती बाबांवर इतकी ओरडली की मला बरं वाटलं. घड्याळ काढायला मला कोणी नेलं नाही. पुढे आठवडाभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. जिन्यावर "पायरी" आणि रस्त्यावर "खड्डा", एवढंच. ते निमूटपणे म्हणायचे, "पायरी." "खड्डा."

मग एका दुपारी मी दोऱ्याचं रीळ घेऊन कपाटासमोर बसले. खोक्याच्या झाकणाला दोरा बांधला आणि त्याच दोऱ्याचा तुकडा इंजिनाच्या मागच्या कडीला. हिरव्याला एक गाठ, निळ्याला दोन, तांबड्याला तीन. कार्डावर नवीन रकाना केला, गाठी. ते दारात येऊन उभे राहिले.

"काय करतेयस?"

"तुमचं पाप निस्तरतेय."

ते आत आले, खुर्ची चाचपून बसले. मी चौदा नंबर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने गाठ शोधली.

"हिरवं," ते म्हणाले. "लेक झाली तेव्हाचं."

आता रोज दुपारी रेल्वे चालते. मी टेबलाच्या टोकाला बसते. मी "हिरवा" म्हटलं की ते "हिरवा" म्हणतात आणि गाडी सोडतात. सिग्नलकडे बघतसुद्धा नाहीत. आणि मला तेव्हा आई आठवते, तिचं ते गोड हसणं आठवतं. माझ्या डोक्यात काही बिघडलंच उद्या, तर कपाट तपासायला दुसरं कोणी नाही. मी चुकीचा रंग सांगितला तर तोच रंग ते परत म्हणतील, आणि गाडी सोडतील.

म्हणून मी तोंड उघडण्याआधी सिग्नलकडे दोनदा बघते.

"झोपलात का गार्डबाई?" ते विचारतात.

"थांबा," मी म्हणते. "बघतेय."