दोनदा विचारलेला कौल

कृष्णनाथ परबने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत स्वतःहून एकही निर्णय घेतला नव्हता, आणि त्याचे काही अडलेही नव्हते. सैन्यात जायचे हे बापाने ठरवले. शेवंतीशी लग्न करायचे हे आईने ठरवले. त्यापुढची चोवीस वर्षे कुठे राहायचे, किती वाजता उठायचे आणि केस किती ठेवायचे हे सरकारने ठरवले, आणि या कामात सरकारने कधी हयगय केली नाही. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत तो हवालदार होता. बर्फात गोठलेला ट्रक चालू करावा तर कृष्णनाथनेच. पण कुठला ट्रक आधी, हे साहेब सांगायचे.

दोन हजार नऊ साली तो निवृत्त होऊन मुळगावला घरी आला. खाणींचे दिवस होते. ज्याच्या दारात एकेकाळी सायकल नव्हती त्याच्या दारात टिपर उभा होता, आणि टिपरच्या मागे ताडपत्रीखाली चारचाकी. रस्त्याच्या कडेची झाडे, देवळाची पायरी, वाळत घातलेले लुगडे, सगळे तांबड्या धुळीने एका रंगाचे झाले होते. या धुळीत गाडीचा फिल्टर महिनाभर टिकला तरी नशीब.

घरी शेवंती एकटी होती. मुलगी सेजल बांबोळीला नर्सिंग शिकत होती आणि होस्टेलवर राहत होती. पहिल्या आठवड्यात कृष्णनाथने स्वयंपाकघरातली भांडी उंचीप्रमाणे लावली. दुसऱ्या आठवड्यात डब्यांवर पांढऱ्या रंगाने नावे लिहिली. तिसऱ्या आठवड्यात माड मोजले. रोज सकाळी तो शेवंतीला विचारी, ‘आज काय काम?’ ती सांगे ते काम नऊपर्यंत आटोपे, आणि सव्वानऊला तो परत चुलीपाशी हजर. शेवंती काही बोलत नसे. मात्र एकदा परसात तो केळीआड उभा असताना ती कुंपणावरून शेजारच्या सुशीलाला म्हणाली, ‘घरात पाय ठेवूंक जागो ना गो. जंय वळान बघीन थंय हे.’

सुशीला हसली. शेवंतीही हसली. कृष्णनाथ केळीआडच राहिला. सरहद्दीवर त्याच्या डोक्यावरून गोळे गेले होते तेव्हा त्याला एवढे लागले नव्हते.

त्याच आठवड्यात पल्लवी आली. ती दिल्लीकडच्या एका कंपनीची पणजीतली अधिकारी, पंचविशीची, बोलायला चटपटीत. दारात तिने एक पिवळी व्हॅन आणून उभी केली आणि मागचे दार उघडले. आत दोन्ही बाजूंना खणांत पाने, सॉकेट, जॅक, हवेचा पंप, बिघाड शोधणारा छोटा संगणक. ‘ग्राहकानं फोन करायचा, सर, आणि आपण त्याच्या दारात. पूर्ण डिचोली तालुका एकाच माणसाला. माजी सैनिकांना प्राधान्य.’

कृष्णनाथने आत पाहिले. पाने आकाराप्रमाणे लावलेले होते, आणि ते त्याने लावलेले नव्हते. निवृत्त झाल्यापासून इतका आनंद त्याला झाला नव्हता.

अटी सरळ होत्या. निवृत्तीच्या वेळी हातात आलेली बहुतेक रक्कम कंपनीला द्यायची. तीन महिने पुण्यात प्रशिक्षण घ्यायचे, मग सहा महिने हुबळीला जुन्या फ्रँचायझीवाल्याच्या हाताखाली काढायचे. त्यानंतर गणवेश, व्हॅन आणि डिचोली. सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही ते सांगायचे, नाहीतर साखळी गावचा एक जण तयार होता.

‘ह्यात हुकूम कोण देतो?’ कृष्णनाथने विचारले.

‘कुणीच नाही, सर. तुम्ही मालक.’

हा मुद्दा त्याला काही बरा वाटला नाही.

तो विचारायला निघाला. शेजारचा बाबली, दोन टिपरांचा आणि एका पांढऱ्या गाडीचा धनी, म्हणाला, ‘घे रे फौजी. पयली गाडी माजी. घरच्या माणसाकडसून तू काय पैशे घेवचंस ना.’ सेजलला फोन केला तर ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ मुलीला शिकवून हा फायदा. शेवटी त्याने शेवंतीला विचारले. ती तांदूळ निवडत होती. पुणे, हुबळी, नऊ महिने, सगळे तिने ऐकून घेतले.

‘तुमका काय दिसता तां करा,’ ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

कृष्णनाथने याचा अर्थ लावला. ती ‘जावं नकात’ म्हणाली नव्हती. म्हणजे गेलो तर बरेच. त्याला वाईट वाटले, पण बाईचे म्हणणे चुकीचे आहे असेही वाटेना. मधेमधे येणाऱ्या माणसाची बदली करतात, हे त्याने पलटणीत कितीदा पाहिले होते.

‘तुजां कायच ठरना तर देवीक विचार,’ बाबली म्हणाला. ‘कौल लाव.’

हे मात्र कृष्णनाथला एकदम पटले. इतके दिवस हे सुचले कसे नाही? देवीचे दोन शब्द की मग प्रश्नच नाही.

रविवारी सकाळी तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, नारळ आणि केळी घेऊन वाड्यावरच्या देवीच्या देवळात गेला. बाबली सोबत होता. गुरवांपैकी त्या महिन्यात पाळी सगुणची होती. सगुणने ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग तो गाऱ्हाण्याला उभा राहिला आणि मधेच मागे वळला.

‘ही फ्रँचायझी म्हणजे काय रे? देवीक फोडून सांगूंक होयां.’

कृष्णनाथने सांगितले. बाबलीने सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला म्हणून परत कृष्णनाथने सांगितले. सगुणने हात जोडले.

‘आगे माये, हो तुजो लेकरू आज तुज्या पायाकडे इलो आसा. गाड्यो दुरुस्त करपाची गाडी घेवची म्हणता. पुण्याक जावचां, हुबळेक जावचां, मागीर हंय येवचां. ती घेवची आसात तर उजवो दी, घेव नये तर डावो दी, आणि लेकराच्या मनातलो घोळ काडून उडय.’

‘व्हय म्हाराजा,’ बाबली म्हणाला.

पाकळ्या तशाच राहिल्या. पंधरा मिनिटे झाली. अर्धा तास झाला. कृष्णनाथ सावधान स्थितीत उभा होता. त्याला त्यात कष्ट नव्हते, पण बाबलीला खांबाला टेकावे लागले. तासाभराने बाबलीने पंखा लावण्याची सूचना केली. त्यावर सगुणने त्याच्याकडे असे पाहिले की तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. सगुणने पाकळ्या पुसून नव्या लावल्या, नवे गाऱ्हाणे घातले, हुबळीचा उच्चार अधिक स्पष्ट केला. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या जिथल्या तिथे. अकरा वाजले.

‘फौजी,’ सगुण हळू आवाजात म्हणाला, ‘ह्यां पयलीच कोणीतरी विचारलां. एकदा सांगलेलां देवी परत सांगना.’

‘मी खंय विचारलां?’

‘तू न्हय. पण तुज्याच कामाचां.’

सगुणने देवळाबाहेर जाऊन थोरल्या भावाला फोन लावला. गेल्या महिन्यात पाळी त्याची होती; ती परवाच्या बुधवारी संपली होती. बोलणे थोडक्यात झाले. सगुण परत आला तेव्हा तो कृष्णनाथच्या डोळ्याला डोळा देईना.

‘मंगळवारी शेवंती इल्ली,’ तो म्हणाला. ‘एकटीच.’

‘काय इलो कौल?’

‘तां आमी सांगूंचां न्हय. ज्याणे मागलो त्याणेच सांगूंक होयो.’

कृष्णनाथ घरी चालत गेला. बाबलीने गाडीतून सोडतो म्हटले, पण त्याला चालायचे होते. मंगळवार म्हणजे त्याने तिला विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘तुमका काय दिसता तां करा’ म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी देवीपुढे उभी राहिली होती, आणि गेले पाच दिवस तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. नक्कीच नकार आला असणार, त्याने ताडले. नवरा घरातून हलत नाही असे देवीने सांगितले, आणि बिचारी निराश झाली.

शेवंती मागल्या दारी आदोळीच्या पात्यावर तारले साफ करत बसली होती. तो समोर येऊन उभा राहिला.

‘देवीन काय सांगलां तुका?’

तिने वर पाहिले नाही. कुणी सांगितले हेही विचारले नाही. हातातला मासा साफ करून पाण्यात टाकला.

‘उजवो दिलो,’ ती म्हणाली. ‘घे म्हणान. ताबडतोब दिलो. मी हात जोडूच्या आदी पडलो.’

कृष्णनाथ ओट्यावर बसला. ‘मागीर माका सांगलंस कित्याक ना?’

‘सांगलां आसतां तर तुमी गेल्ले आसते.’

तिने दुसरा मासा घेतला, तो तसाच हातात ठेवला, आणि मग बोलली. एरवी शेवंती एका वेळी इतके बोलत नसे.

‘चोवीस वर्सां तुमका बोलावणां येय आणि मी बॅग भरून दियी. लाडू घाली, लोणच्याची बरणी गुंडाळी, आणि हसान हात हालयी. सेजल झाली तेव्हा तुमी ना. आये गेली तेव्हा तुमी तिसऱ्या दिसा पावलांत. मी कदी काय म्हटलां ना, सरकाराक काय म्हणतलंय? आता हां माका भरूक जावची ना ती बॅग. देवीन सांगलां तरी जावची ना. तिची भीती वाटता, म्हणान पाच दीस माका जेवण जायना. पण सांगूंक तोंड उघडां ना.’

 

‘पण तू सुशीलाक सांगी होतंस,’ तो म्हणाला, ‘घरात पाय ठेवूंक जागो ना म्हणान.’

‘तां आयकलांत?’ शेवंतीने आता वर पाहिले. ‘अवो, सगळ्यो बायलो घोवाचां गाऱ्हाणां सांगतत. सुशीला वीस वर्सां सांगता, मी वीस वर्सां आयकतंय. माका सांगूंक घोव घरात होतो खंय? आता मेळलो, म्हणान सांगलंय.’

माशाच्या वासावर आलेली मांजर दोघांच्या मधे येऊन बसली. तिला कुणी हाकलले नाही.

‘देवीचो शब्द मोडलो तर काय जाता?’ कृष्णनाथने विचारले.

‘नारळ ठेवचो. चुकलां म्हणान सांगूंचां. सगुणाच्या भावाक मी तितक्यां विचारून घेतलां.’

कृष्णनाथने मनातल्या मनात तुलना केली. वरिष्ठांचा स्पष्ट हुकूम मोडला तर लष्करात काय होते ते त्याने पाहिले होते. त्या मानाने देवीचे कायदे फारच मवाळ होते.  पिवळी व्हॅन डोळ्यांपुढे आली, आकाराप्रमाणे लावलेले पाने आले. ते त्याला हवे होते, अजूनही हवे होते. आणि कुणीही त्याला काहीही करायला सांगत नव्हते. जिने सांगावे ती देवी ‘जा’ म्हणाली होती, आणि शेवंती ‘राहा’ असे अजूनही म्हणाली नव्हती. तिने फक्त बॅग भरणार नाही एवढेच सांगितले होते.

तो उठला, पुढच्या दारी रेंज येते तिथे माडाखाली गेला आणि पल्लवीला फोन लावला. सोमवारची वाट पाहिली असती तर त्याला परत कुणाला तरी विचारावेसे वाटले असते.

‘मला घ्यायची नाही,’ तो म्हणाला.

पल्लवीला वाईट वाटले. निदान तसे ती म्हणाली. मग कागद चाळल्याचा आवाज आला. ‘सर, फॉर्म बंद करायला कारण लिहावं लागतं. भांडवल नाही लिहू की तब्येत?’

 चोवीस वर्षांत कृष्णनाथने रजेचे किती अर्ज लिहिले याचा हिशेब नव्हता. प्रत्येकावर कारणाचा रकाना असे. त्यात त्याने आईला सतरा वेळा आजारी पाडले होते, घराचे छप्पर दर दोन वर्षांनी उडवले होते, आणि एका वर्षी पेडण्याचा धडधाकट मामा मारला होता. खरे कारण प्रत्येक वेळी एकच होते, आणि ते त्याने एकदाही लिहिले नव्हते, कारण तसल्या कारणाला रजा मंजूर होत नसे.

‘लिहा,’ तो म्हणाला, ‘बायकोजवळ राहायचं आहे.’

‘सर, आवाज तुटतोय. परत सांगता?’

मागल्या दारावरून शेवंती ओल्या हातांनी धावत पुढे आली. ‘अवो, हळू! सुशीला भायर आसा.’

कृष्णनाथने एक पाऊल पुढे टाकले, छाती भरून घेतली, आणि परेडच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत जावा अशा आवाजात तेच वाक्य पुन्हा सांगितले.