शिवणाच्या मशीनच्या खणातले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. लगेच नाक मुरडू नका! मी खेळायच्या पत्त्यांतले नाही आणि लग्नाच्या निमंत्रणाचेही नाही. मी सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या कुटुंबाचे आरोग्य कार्ड आहे. निळा रंग, छातीवर सोनेरी चिप आणि कोपऱ्यात एका हसऱ्या बाईंचा फोटो. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस तुम्हाला कधी एकदा सांगते असे मला झाले आहे, पण सुरुवातीपासून सांगितले नाही तर त्यातली गंमत जाईल.

माझा जन्म एका गरम यंत्रात झाला. आम्ही तिघे भावंडे एकाच पाकिटातून घरी आलो. एक कार्ड बाबांचे, एक त्यांच्या मुलीचे आणि मी आईचे.

बाबा सैन्यात ट्रक चालवत. ‘मेजर’ ही पदवी त्यांना गल्लीने दिली होती आणि त्यांनी ती कधी नाकारली नाही. निवृत्त होताना कचेरीतल्या कारकुनाने त्यांच्यापुढे दोन मार्ग ठेवले होते. तो किस्सा बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, म्हणून मला तोंडपाठ आहे. “एक तर दरमहा औषधपाण्याचा भत्ता घ्या आणि दवाखाना तुमचा तुम्ही बघा,” कारकून म्हणाला होता. “नाहीतर एकदाच वर्गणी भरून योजनेत या. मग आपला दवाखाना आणि तिथून पाठवतील ते मोठं रुग्णालय. तुम्हाला आणि बायकोला जन्मभर, मुलीला ती कमावती होईपर्यंत.” बाबांनी क्षणाचाही विचार न करता योजना निवडली.

पाकीट उघडले तेव्हा मी आनंदाने नुसते चमकत होते. आईने मला उचलले आणि विचारले, “हे कोणाचं?”

“तुझं,” बाबा म्हणाले.

“माझं कसलं? नोकरी तुम्ही केलीत. मी एक दिवस तरी गेले का कवायतीला?” असे म्हणून आई हसली आणि तिने मला शिवणाच्या मशीनच्या खणात टाकून दिले. माझा केवढा हिरमोड झाला म्हणून सांगू!

मुलीला नोकरी लागली तेव्हा नियमाप्रमाणे तिचे कार्ड परत गेले. बाबांचे कार्ड मात्र खोकला, दाढ, रक्तदाब अशा निमित्ताने सारखे फिरतीवर असे. मला त्याचा हेवा वाटे आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटे. कारण मी बाहेर पडायचे म्हणजे आईने आजारी पडायचे. सांगा, असे मागणे कोणत्या तोंडाने मागायचे?

पण मित्रांनो, मी रिकामे बसले नाही! आई शेजारपाजारचे कपडे शिवत असे. एकदा खिशाचा कोपरा गोल काढायला तिला काहीतरी कडक हवे होते, आणि तिच्या हाताला मी लागले. माझे कोपरे कसे, छान गोलसर! तिने मला कापडावर दाबले आणि माझ्या कडेने खडू फिरवला. खिसा असा देखणा झाला की विचारू नका. मग दोन बटणांमधले अंतर माझ्या रुंदीने ठरू लागले. “माझ्या निळ्या पट्टीला कोणी हात लावायचा नाही,” असे ती सगळ्यांना बजावत असे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मी कार्ड आहे हे सगळे घरदार विसरून गेले आणि खरे सांगायचे तर मीही विसरत चालले होते.

मग एक दिवस आईचा खडू माझ्या कडेवरून घसरून भलतीकडेच गेला. डाव्या हाताशी पडलेली कात्री ती उजवीकडे शोधू लागली. डोळे चोळून तिने औषधाच्या दुकानातले थेंब घातले आणि पुन्हा कामाला लागली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण माझ्या तोंडाला जन्मजात कुलूप!

सुदैवाने मुलगी माहेरी आली होती. आई दाराच्या चौकटीवर आदळली ते तिने पाहिले.

“आई, तुला बाजूचं दिसत नाही का गं?”

“वय झालं आता. एवढं काय त्यात?”

“मी माझ्या ऑफिसच्या विम्यात तुला घातलं असतं, पण ते आईवडिलांना घेत नाहीत. बाहेरची पॉलिसी काढावी तर आधीच्या दुखण्याला काही वर्षं थांबा म्हणतात.”

“आपली योजना असताना बाहेर कशाला जायचं?” बाबा छाती फुगवून म्हणाले. “उद्याच डोळ्यांचे डॉक्टर येतात दवाखान्यात. माझ्या कार्डावर आख्खं कुटुंब बसतं!”

“ती सवलत तुमची,” आई पुटपुटली. पण मुलीने तिचे काही चालू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे गेले आणि मला मात्र खणातच ठेवून गेले. तिथे काय घडले ते मला मागाहून कळले. बाबांनी ऐटीत आपले कार्ड पुढे केले. खिडकीतल्या ताईंनी ते परत दिले आणि त्या म्हणाल्या, “काका, प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं. काकूंचं आणा. डोळ्यांचे डॉक्टर दुपारी जातात, ते एकदम पुढच्या महिन्यात येणार.” मेजरांच्या तोंडचे पाणी पळाले.

इकडे घराचे दार धाडकन उघडले. मुलीने कपाट उपसले, पेटी उलटी केली. पाकीट सापडले, पण रिकामे! तिने फोन लावला. “आई, आठव ना गं! निळं कार्ड, तुझा फोटो असलेलं!”

 तिकडून आई किंचाळली, “अगं बाई! माझी पट्टी!”

खण उघडला आणि उजेड आत आला. मित्रांनो, मी निघाले! मुलीच्या शर्टाच्या खिशात, स्कूटरवर, भर रस्त्यातून! वारा लागत होता, हॉर्न वाजत होते आणि मला नाचावेसे वाटत होते. पण इतकी वर्षे मी फक्त खिसे गोल केले. माझे खरे काम मला जमेल का?

ताईंनी मला यंत्रात सरकवले. लाल दिवा लागला! पुन्हा सरकवले. पुन्हा लाल! आई खालमानेने म्हणाली, “राहू दे. माझ्यासाठी नव्हतंच ते. नोकरी यांनी केली, मी काय केलं?”

तेव्हा बाबांचा आवाज चढला. “काय केलं? दर बदलीला सगळं घर बांधून कोणी नेलं? मी सीमेवर असताना पोरीच्या तापात रात्री कोणी जागवल्या? अर्धी नोकरी तू केलीस. हे कार्ड तुझं आहे!” एवढे बोलून ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

ताईंनी मला निरखून पाहिले. “चिपवर खडू बसलाय हो,” त्या हसल्या. त्यांनी खोडरबर घेतला आणि माझी चिप हळूहळू घासली.  तिसऱ्यांदा आत गेले आणि हिरवा दिवा! आईचे नाव पडद्यावर उमटले! आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. “गेलेली नजर परत येत नाही,” ते म्हणाले, “पण आहे ती वाचवू. आणखी उशीर झाला असता तर मलाही काही करता आलं नसतं.” मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्या प्रत्येक ठिकाणी मी हजर होते.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला विचारा, तिचे कार्ड कुठे आहे. ते पुसून ठेवा, हाताशी ठेवा आणि ते तिचेच आहे हे तिला सांगायला विसरू नका. कापडासाठी लाकडी पट्टी मिळते.

आई पुन्हा शिवू लागली तेव्हा तिने सगळ्यांत आधी माझ्यासाठी कापडी पिशवी शिवली, गोल कोपऱ्यांची. परवा तपासणीला गेलो तेव्हा मी त्या पिशवीतून खिडकीवर आले. ताई नवीन होत्या. त्यांनी मला उचलून विचारले, “हे कार्ड कोणाचं?”

बाबा तोंड उघडणार होते, तेवढ्यात आई पुढे झाली.

“माझं,” ती म्हणाली.