इंजिनाचा षड्ज

चैत्राचं ऊन कालावलच्या खाडीवर सांडलेल्या तुपासारखं पसरलं होतं. पाणी पिवळं, वाळू पिवळी, काठावरच्या माडांच्या झावळ्यांची टोकंही पिवळी. वाऱ्यालासुद्धा डुलकी लागली होती.

आणि त्या पीतवर्ण, निश्चल, निःशब्द दुपारी विश्राम तोडणकरांच्या बागेत साठ पोफळी माना टाकून उभ्या होत्या. उंच, सडपातळ, सालस पोफळी. मागत काही नव्हत्या, नुसत्या सुकत होत्या.

विहीर भरलेली होती. विहिरीच्या काठावर हिरवं डिझेल इंजिन ठाकठीक उभं होतं. तरीही विश्रामांची बायको, पासष्ट वर्षांची इंदुमती, कळशीनं पाणी वाहत होती. एक कळशी, एक पोफळ. एक कळशी, एक पोफळ. विश्राम कार्तिकात गेले. त्या दिवसापासून तिनं इंजिनाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

या हट्टाचं मूळ दूर समुद्रात होतं.

विश्राम सतराव्या वर्षी नौदलात गेले. गळा गोड, कान तल्लख, आणि नशीब असं मिस्कील की नेमणूक झाली ती जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये. वर नीलवर्ण, अथांग, फेनमंडित सागर. खाली तेल, घाम आणि अष्टौप्रहर गर्जना. दुसरा कुणी कानांत बोळे घालून कपाळाला हात लावून बसला असता. विश्रामांनी त्या गर्जनेत षड्ज शोधला. त्या घनगंभीर घोषाला तंबोरा मानून ते बावीस वर्षं गायले. अभंग गायले, नाट्यपदं गायली, आणि घरी मुलगी झाल्याची तार आली की पाळणे गायले. तिन्ही लेकींची बारशी त्यांनी अशीच भर समुद्रात केली, घामेजल्या सोबत्यांच्या तळहातांवर साखर ठेवून.

सुट्टीवर आले की ते नखशिखांत बाप होत. लेकींच्या वेण्या स्वतः घालत आणि रिबिनींना जहाजावरच्या गाठी मारत. त्या गाठी शाळेत बाईंना सुटत नसत, घरी इंदुमतीला सुटत नसत. शेवटी ती कात्री आणी, आणि विश्राम गाठीची बाजू घेऊन तिच्याशी भांडत.

निवृत्त होऊन कायमचे घरी आले, आणि पंचाईत झाली. गावच्या भजनात उभे राहिले तर सूर लागेना. बावीस वर्षं इंजिनाला टेकून उभा राहिलेला आवाज. देवळाच्या शांत सभामंडपात त्याचा तोल जाऊ लागला. भजनीबुवा तोंडावर काही बोलले नाहीत, पाठीमागे बोलले. गाव ते गावच! विश्राम गप्प झाले. दिवस गेले, पंधरवडे गेले, ते गप्पच राहिले. त्यांचं दूर असणं इंदुमतीनं वर्षानुवर्षं सोसलं होतं, पण समोर बसून गप्प असणं तिला सोसवेना.

मग बागेसाठी इंजिन आलं.

पहिल्या सकाळी विश्रामांनी हँडल मारलं. धूर निघाला, इंजिन धडधडलं, घुमलं, स्थिरावलं. आणि विहिरीकाठी त्यांचा आवाज उमलला. भरदार, निर्मळ, निःशंक आवाज. पाटाचं पाणी वळवत, फावड्याच्या ठेक्यावर, पोफळीपोफळीशी थांबत ते गायले. इंदुमती मागच्या दारात तांदूळ निवडत होती. सूप मांडीवरच राहिलं आणि ती आनंदानं ढसाढसा रडली.

त्यानंतर एकतीस वर्षं, बाग शिंपण्याच्या दिवसांत, सकाळी आठाच्या ठोक्याला इंजिन आणि विश्राम एकदमच सुरू होत. घोषाला गाणं बिलगलेलं, गाण्याला घोष बिलगलेला. एकटं इंजिन इंदुमतीनं कधी ऐकलंच नव्हतं.

चैत्रात धाकटी लेक रेवती रत्नागिरीहून माहेरी आली. तिनं आधी बाग पाहिली, मग आईचे तळहात पाहिले. तळहातांवर दोरानं फोड आले होते.

"आये, पोफळी मरान जातल्यो गे," ती म्हणाली.

"जांवदेत. इंजिन लावूचा नाय."

रेवतीनं दुसरी कळशी घेतली. मायलेकी दिवस कलेपर्यंत पाणी वाहत राहिल्या, आणि तरी साठातल्या वीस पोफळीसुद्धा भिजल्या नाहीत. शेवटी इंदुमती विहिरीच्या कठड्यावर टेकली आणि मनात दडवलेलं बोलली.

"इंजिन बंद असा, म्हणान तो गायणा नाय, असा मी मनाक सांगतंय. चालू झाला, आणि तरी तो गायलो नाय तर?"

रेवतीनं आईचे हात हातांत धरले.

सकाळ झाली. कोवळी, केशरी, कनवाळू सकाळ. इंदुमती बागेत गेली. कोपऱ्यात गेल्या आषाढात विश्रामांनी लावलेलं रोप होतं, रेवतीच्या मुलीच्या नावानं लावलेलं, जेमतेम गुडघाभर. त्याचा कोंब खाली वाकला होता. इंदुमतीनं तो बोटावर उचलून धरला. बोट काढलं, तो पुन्हा वाकला.

ती तिथूनच लेकीला म्हणाली, "मार हँडल."

धूर निघाला. इंजिन धडधडलं, घुमलं, स्थिरावलं. षड्ज लागला. तोच, अगदी तोच! भरीव, अखंड, धीरगंभीर षड्ज बागभर पसरला, माडांच्या शेंड्यांना लागला, खाडीवर गेला. इंदुमती डोळे मिटून उभी राहिली. एक क्षण. दुसरा क्षण. अनेक क्षण.

कुणी गायलं नाही.

"गेलो गे तो," ती म्हणाली. कार्तिकापासून हे शब्द तिच्या ओठांवर आले नव्हते. ती पाटातच बसली. मोठ्यानं रडली. इंजिनाच्या त्या गर्जनेत तिला हवं तितकं मोठ्यानं रडता आलं.

पाणी आलं. तिच्या पाठीला लागलं, साठलं, लुगडं भिजवून पाटाच्या दोन्ही काठांवर चढू लागलं. पुढचा पाट कोरडाच होता.

"आये," रेवती जवळ येऊन हलकेच म्हणाली, "पाणी अडला गे."

इंदुमतीनं मागे वळून पाहिलं. मग पुढे पाहिलं. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ती उठली, आणि पाणी सुटलं. पहिल्या पोफळीशी गेलं, दुसऱ्या पोफळीशी गेलं. वळत, थांबत, मुरत, भरत, कोपऱ्यातल्या त्या रोपाकडे निघालं.