विमान चारला येणार

दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हा आम्हा मोजणीवाल्यांचा बाणा. चाळीस वर्षं मी लोकांचे प्लॉट मोजले. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून बायकोचं डोकं खातो.

तीन वर्षांपूर्वी लेक परदेशी नोकरीला निघाली, तेव्हा मी शहाण्यासारखा बोललो होतो, "गेलीस तर परत येऊ नकोस." हट्टी बापाची हट्टी लेक. आली नाही. परवा तिने आईला कळवलं, "बाबा स्वतः विमानतळावर घ्यायला आले तर घरी येईन. नाहीतर पाचच्या विमानाने परत."

तिकिटावर होतं: तिथून सकाळी नऊला सुटणार, इथे दुपारी दोनला पोचणार. मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला पट्टी लावली. चार हजार किलोमीटर. विमान ताशी आठशे, म्हणजे पाच तास. आणि नऊ ते दोनही पाचच तास! माझी छाती फुगली.

"दोन्ही वेळा तिकडच्या घड्याळाच्या आहेत," मी जाहीर केलं. "आपलं घड्याळ दोन तास पुढे. विमान चारला येणार."

"अहो, तिकिटावर दोन आहे ना? मग दोनला जा की," नर्सचा गणवेश चढवत बायको म्हणाली.

"तिकीट छापणाऱ्याने जन्मात पट्टी धरली आहे का?"

ती कपाळावर हात मारून ड्यूटीला गेली. मी निवांत दाढी केली, बुटांना पॉलिश केलं आणि पावणेचारला विमानतळावर ऐटीत हजर झालो. फलक पाहिला आणि पाचावर धारण बसली. विमान दोनलाच उतरलं होतं. ती गेली, या वेळी कायमची गेली, एवढंच डोक्यात. लोकांच्या सामानाला धडकत, माफी मागत मी ढेरी सांभाळत धावत सुटलो.

शेवटच्या खांबापाशी लेक आपल्या बॅगेवर बसली होती. वाळली होती जरा. मला रडू आलं.

"मी येणार नाही असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना. दोनदा उठले जायला. मग म्हटलं, बाबा पट्टी घेऊन बसले असतील." ती हसली नाही. "भिंतीवरच्या नकाशावर मोजलंत ना? बाबा, पृथ्वी गोल आहे. सपाट कागदावर विषुववृत्तापासून लांबचा, आपल्यासारखा पार उत्तरेकडचा भाग ताणला जातो. खरं अंतर चोवीसशे. तीन तास लागतात, आणि पोचण्याची वेळ नेहमी जिथे उतरायचं तिथलीच छापतात."

एवढ्याएवढ्याशा प्लॉटांत हयात गेलेल्या माणसाला पृथ्वीच्या गोलाईचा कधी त्रासच झाला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"जाऊ दे हो. नकाशाने कुणीही फसतं."

"नकाशाचं नाही म्हणत."

ती उठली, आणि बॅग माझ्या हातात दिली.