पाचपर्यंत मोजणारी पेटी

मी हजेरीची पेटी बोलतेय. दचकू नका, बोलणं हाच माझा धंदा!

माझी जोडणी पुण्याच्या एका कंपनीत झाली, पण मला घडवलं निमोण्याजवळच्या वस्तीशाळेतल्या पोरांनी. २००३ साल होतं. यंत्र कसं हवं, हे कंपनीच्या इंजिनिअरसाहेबांनी पत्रानं पोरांनाच विचारलं. पोरं चित्रं काढायची, सूचना लिहायची, त्यांच्या शिक्षिका अनिताबाई ते कागद शिरूरहून पोस्टानं धाडायच्या. महिन्याभरानं मी एसटीतून नवं रूप घेऊन परत! साहेबांनी वस्ती पाहिली नव्हती, पोरांनी साहेब पाहिले नव्हते.

रोज सकाळी मी एकेकाचं नाव पुकारायची, आणि प्रत्येकाचं "हजर बाई" माझ्या पोटात भरलेलं होतं. त्यात पोरांची जुनी खोड अशी, की कुणी आलं नाही तर शेजारचा त्याच्या नावानं ओरडणार. तिसरीतल्या सायमानं तेच कागदावर लिहिलं, "पाच मोजूस्तोवर कुणी बोललं न्हाई, तर पेटीनंच त्याच्या आवाजात हजर म्हणावं. कुणाचं नाव रिकामं ऱ्हाऊ नये." साहेबांना भारी मजा वाटली. त्यांनी तस्संच केलं!

दिवाळीच्या सुट्टीत सायमा तापानं वारली.

शाळा उघडली. मी तिचं नाव घेतलं, पाच मोजले, आणि माझ्या पोटातून ती ओरडली, "हज्जर बाई!" पोरं रडायला लागली. बाई पुण्याला कळवणार, तेवढ्यात तिची आई खुर्शिदभाभी खिडकीशी आली.

"ऱ्हाऊ द्या बाई. तेवढंच उरलंय तिचं."

मग ती रोज यायची. गज धरून ऐकायची आन् चालू पडायची. सायमाची धाकटी बहीण आसमीन त्याच खोलीत पहिलीत होती. तिचं नाव सगळ्यात शेवटी. ती ओरडायची, "अम्मी, थांब की! माजं बी ऐक!" खुर्शिदभाभी वळूनसुद्धा पाहायची नाही. मला फार राग यायचा. तिचा आणि माझाही.

एक दिवस आसमीननं बाईंच्या हातात वाकड्यातिकड्या अक्षरांचा कागद दिला. "आपाचा आवाज काडून टाका." आपा म्हणजे तिची थोरली बहीण, सायमा. बाईंनी डोळे पुसले आणि मला पुण्याला धाडलं.

साहेबांनी सायमाचा आवाज माझ्या पोटातून काढून टाकला. कागदात नावाचं काही नव्हतं, म्हणून यादीत नाव तसंच राहिलं.

परतल्यावर पहिल्याच सकाळी खिडकीत खुर्शिदभाभी उभी. मी म्हटलं, "सायमा." एक, दोन, तीन...

"हज्जर बाई!"

देवाशप्पथ सांगते, मी गप्प होते. आसमीन उभी राहिली होती. आवाज हुबेहूब सायमाचा. दोन महिने ऐकून ऐकून पोरीनं तो घोटला होता. खुर्शिदभाभी आत धावली, तिला पोटाशी धरून म्हणाली, "माझी सायमा गं!" आसमीन हसली. किती दिवसांनी!

शेवटी मी म्हटलं, "आसमीन." ती आईच्या कुशीतून माझ्याकडे बघत राहिली, बोलली नाही. मी पाच मोजले. मग माझ्याच पोटातून तिचा जुना, बोबडा आवाज आला, "हजल बाई!"

वर्ष झालं, रोज असंच चाललंय. बाई आता माझ्याकडे पाहत नाहीत.

बाबांनो, मी आवाज सांभाळते, पोर तुम्ही सांभाळा. तिला तिच्या नावानं हाक मारा आणि ती ओ देईस्तोवर थांबा. मला पाचाच्या पुढं मोजता येत नाही.