देवीचा लाल डोळा

तापीकाठच्या त्या गावात शुक्रवारी दुपारी शेतात माणूस शोधून सापडत नसे. सगळे देवीच्या देवळापुढे. करणबाबा लाकडी खडावांवर उभा राहून सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोड्याची घंटा बडवायचा, आणि मूर्तीच्या कपाळावरचा लाल दिवा पेटला की पुढच्या बायका घाबरून मागच्यांच्या पायांवर चढायच्या.

"मायनी डोळा उघाडा," बाबा गर्जायचा. "माय दखस म्हंजे पाप दिसस. पाप दिसनं म्हंजे माय फेकस. आनि माय फेकस म्हंजे पाप शेच."

देवी बघते म्हणजे पाप दिसतं, पाप दिसलं की ती फेकून देते, आणि फेकलं म्हणजे पाप आहेच, या गोल फिरणाऱ्या बोलण्यातून बाहेर पडायला वाट नव्हती, आणि कुणी शोधतही नव्हतं.

ज्याच्यावर संशय त्याने विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने, अनवाणी यायचं आणि मूर्तीभोवतीचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरायचा, असा नेम होता. गेल्या शुक्रवारी सरलाबाईने तो धरला होता. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. रूपचंदच्या मुलीला, जियाला, खिचडी खाल्ल्यावर ताप भरला, आणि गावाच्या तोंडी तो दोष खिचडीवरून सरकत सरलाबाईच्या नजरेवर आला. कठड्याला हात लागला मात्र, खांद्यापर्यंत मुंग्या धावल्या आणि ती पाठीवर आपटली. गर्दीत कुणीतरी हळूच 'डाकीन' म्हणालं. बाबाने मोठ्या मनाने आणखी एक शुक्रवार दिला. पुन्हा फेकली गेली तर तिने गाव सोडायचं.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. गावाची भीती होतीच, पण खरी भीती तिला स्वतःची वाटू लागली. समोरून एखादं मूल आलं की ती मान खाली घालायची. आपल्या नजरेत खरंच काही असलं तर, या विचाराने तिला घाम फुटायचा.

बुधवारी शहाद्याहून इंजिनिअर लोकांचं एक मंडळ शाळेत व्याख्यान द्यायला आलं. विषय होता तांत्रिक शिक्षण आणि खात्रीची वीज. चहा सरलाबाईने केला. गावातल्या कुणी तो घेतला नाही, पाहुण्यांनी मात्र दोनदा मागून घेतला.

बोलणारे भीमसिंग सर सातपुड्यातल्या पाड्यावरचे, आयटीआय करून पुढे इंजिनिअर झालेले. फळ्यावर विजेचा खांब काढून ते म्हणाले, "तुमच्याकडे न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार वाऱ्याने सारखी तुटते. मग तुम्ही अंगणात लोखंडी खुंटी ठोकता, दिव्याची दुसरी तार तिला बांधता आणि दिवा पेटवता. खरं ना?"

मागचे लोक खूश होऊन हसले. ही युक्ती घरोघरी होती आणि गावाला तिचा अभिमान होता.

"दिवा पेटलेला असतो तेव्हा त्या खुंटीत वीज उतरलेली असते. जमीन कोरडी असली तर जास्तच. ओल्या, अनवाणी पायांनी तिला हात लावला तर माणूस फेकला जातो. मरूही शकतो."

सरलाबाईच्या हातातली किटली तिथेच थांबली. ओले पाय, पेटलेला दिवा, फेकला जाणारा माणूस. हे तर तिच्यावरच गुदरलं होतं.

लोक पांगल्यावर ती सरांपाशी गेली. "सर, खुंटीनी जागावर लोखंडी कठडा ऱ्हायना तं?"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या मावशीला पाड्यावरून असंच हाकललं होतं. मी शुक्रवारी येतो, ताई. तोवर कठड्याला बोटसुद्धा लावू नका."

शुक्रवारी ती ओलेत्याने देवळापुढे उभी राहिली तेव्हा सर कुठेच दिसत नव्हते. घंटा वाजली. लाल डोळा उघडला. सरलाबाईचे दात एकमेकांवर आपटत होते.

"हात लाव," रूपचंद म्हणाला. "मन्ही पोरना ताप अजून उतरना नई."

"लावसू," ती म्हणाली. "पन पहिले बाबानी खडावा काढाना. पाय ओला कराना. आनि मंग कठडा धराना."

बाबाने घसा साफ केला. "मन्हा पायमां तप शे. ते उघडं पडनं तं जमिनले सोसाव नई."

तेवढ्यात मागून भीमसिंग सर वाट काढत आले, पायांत जाड रबरी बूट. त्यांनी टेस्टरचं टोक कठड्याला टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला. सरलाबाई बाबाच्या पायांकडे बघत होती. एका खडावेखाली चटईला बारीकसा उंचवटा होता, आणि बाबा नेमका त्यावर पाय दाबून उभा होता.

"चटई उचला," ती म्हणाली.

सरांनी टेस्टर तसाच धरून दुसऱ्या हाताने तिची कड उचलली. खाली दारावरच्या बेलचं बटण होतं. बाबाचा पाय हलला, लाल डोळा मिटला, आणि टेस्टरही विझला. देवीच्या दिव्याची दुसरी तार मूर्तीमागून सरळ कठड्याला बांधलेली होती. ज्याला फेकायचं त्याच्या वेळी बाबा बटण दाबे, ज्याला तारायचं त्याच्या वेळी दाबत नसे.

सरांनी फ्यूज काढून खिशात टाकला. "आता धरा, ताई."

तिला सगळं समजलं होतं. तरी हात पुढे जाईना. डोकं हो म्हणत होतं आणि बोटं आखडली होती. तिने डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांनी कठडा धरला.

लोखंड उन्हाने तापलेलं होतं, एवढंच.

रूपचंद पुढे आला आणि त्यानेही कठडा धरून पाहिला. मग मान खाली घालून जियाला घेऊन दवाखान्यात निघाला. या गोंधळात बाबा मागच्या बाजूने सटकला. पळतानाही त्याने खडावा काढल्या नाहीत.

बायका सरलाबाईभोवती जमल्या. एकीने विचारलं, "तुले भ्याव नई वाटनं?"

"अजून वाटस," ती म्हणाली. "भ्याव वाटस तं वाटू द्या. पन भ्याता भ्याता बी दखत ऱ्हा, इचारत ऱ्हा. दिवा कव्हय पेटस, तार कथी जास. आनि आते घर जाईसन पहिले दिवा बंद करीसन आंगनमानी खुंटीनी तार सोडा. तठे आपलाच पोरं ओला पायसनी खेळतस."

बायका घराकडे निघाल्या, आधी सावकाश, मग झपाझप.